कडेवरची पाच बोटं

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडिलांनी माझं एम.एस्सी.चं प्रमाणपत्र फ्रेम करून देवांशेजारी टांगलं होतं. दर दसऱ्याला त्यालाही हळद-कुंकू लागे.

मी कुकटपल्लीच्या एका लहान कारखान्यात लागलो होतो. परदेशी माल सहज मिळू लागल्याचे ते दिवस, त्यामुळे नॅनो कार्बनची काळी पूड आमच्यापर्यंत पोचली होती. आम्ही छोट्या रडारच्या सर्किटचे डबे बनवायचो. ते सर्किट नाजूक; जवळ मोबाइलचा टॉवर असला तरी त्याच्या लहरींनी बावचळतं. धातूचा डबा जड होतो, म्हणून प्लॅस्टिकच्या डब्याला या पुडीचा लेप द्यायचा. मग लहरी आत-बाहेर करत नाहीत. लेप माझा होता. चाचणीत उतरला तर नोकरी पक्की, नाहीतर लेपही बंद आणि मीही.

चाचणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा झाली. एकट्या डब्याला वगळणं मला बरं वाटेना. पण एवढ्या महागड्या लेपावर डाग कसा पाडायचा? म्हणून झाकण काढलं आणि ते जिथं टेकतं त्या कडेवर तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं लावली. झाकण बसल्यावर दिसणारही नव्हती.

दुसऱ्या दिवशी डब्यातून लहरी गळाल्या. पाच जागी. चाचणीचे साहेब म्हणाले, लेपच कच्चा आहे, नापास लिहितो. गप्प बसलो असतो तर लेपाला बोल लागला असता.

"लेप अच्छा है साब," मी म्हणालो. "झाकण खोलो."

काळ्या कडेवर पाच लाल ठिपके. तेवढ्या जागी झाकणाचा लेप कडेच्या लेपाला भिडलाच नव्हता.

"ये कौन लगाया?"

"मैं."

"कायकू?"

"दसरा था."

आमचा म्हातारा फिटर मला डिग्रीवाले म्हणायचा. तो हातातला पाना दाखवत शांतपणे म्हणाला, "डिग्रीवाले, हम कुंकू पाने की डंडी कू लगाते. मूं कू नईं."

कड स्पिरिटनं पुसली, झाकण पुन्हा घट्ट बसवलं. डबा चाचणीत उतरला. अहवालात पहिल्या गळतीच्या कारणाच्या रकान्यात 'बाहेरचा पदार्थ' लिही, असं साहेबांनी सुचवलं. मी 'कुंकू' लिहिलं आणि खाली सही केली, पदवीसकट.

घरी नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं, आणि कुंकवाचंही. वडिलांनी फ्रेमकडे पाहिलं.

"मी काचेला लावतो," ते म्हणाले. "कागदाला नाही."