बहिणीसाठी खाली केलेली गाडी

माझ्या धाकट्या बहिणीच्या सासऱ्यानं मला फसवलं. भाताच्या बाजारात मी भल्याभल्यांना घाम फोडत आलो, पण या माणसानं मला भर दिवसा, स्वतःच्या अंगणात फसवलं.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. माझ्याकडे एक जुनी मोटार होती. घरची माणसं तिच्यात बसायची आणि तांदळाची पोतीही तिच्यातूनच पुण्याला जायची. पोत्यांच्या वजनानं ती बसू नये म्हणून मी मागच्या स्प्रिंगांच्या कमानीत जादा लोखंडी पाटे घालून तिला उंच करून घेतली होती. पोत्यांची तक्रार नव्हती. माणसांची डोकी मात्र खड्ड्याखड्ड्याला टपाला आपटायची.

बहिणीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आमची रीत. सातवा लागल्यावर मी मुराळी होऊन तिला आणायला गेलो. तिचं सासर धरणापलीकडे, आत. ओढा ओलांडून गाडी थेट दारात लावली. सासऱ्यानं गाडीभोवती एक फेरी मारली.

"पाव्हणं, ह्या गाडीतनं पोटुशी पोर न्हेनार व्हय? वाटंतच बाळंत व्हायची की! गाडी खाली बसवा, मऊ करा, मग खुशाल न्या. शब्द देतुया."

मला बरंच वाटलं. म्हटलं, म्हातारा सुनेला जपतोय. बहीण दाराआडून बघत होती. तिला म्हटलं, "आलोच बघ."

पौडला मिस्त्रीकडे गाडी लावली. मागचे जादा पाटे काढले, पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, शॉकअब्सॉर्बर नवे घातले. गाडी चांगली वीतभर खाली आली. मागच्या सीटवर अंड्यांची पाटी ठेवून मी भुकूमपर्यंत जाऊन आलो. एक अंडं फुटलं, म्हणून गाडी पुन्हा आत घातली.

"शेट, अंडं दुकानातच फुटलं आसंल," मिस्त्री कुरकुरला. बिल दिलं तेव्हा मात्र तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "आज भांडला न्हाई तुमी. बरं न्हाई का?"

आईनं मागच्या सीटवर गोधडी अंथरून दिली. मी निघालो. ओढ्यात शिरलो आणि गाडीचं पोट दगडावर बसलं. पाणी घोट्याएवढंच होतं, पण गाडी पुढे सरकेना. कशीबशी मागे घेतली आणि चालत घर गाठलं. बहीण गाठोडं घेऊन तयारच होती.

सासरा म्हणाला, "गाडी दारात आना."

"ओढ्यापलीकडं उभी आहे. तिथपर्यंत तुमची बैलगाडी द्या."

"बैल कापनीच्या कामाला लागल्यात."

"मग मी तिला उचलून नेतो."

"आमच्या घरची सून वढ्यातनं उचलून न्हेली तर गाव थुकंल आमच्यावर. दारातनं गाडीत बसंल, न्हाईतर ऱ्हाईल हितंच."

मी आवाज चढवला, त्याच्या अंगावर धावलो. बहिणीनं माझा दंड धरला. "दादा, भांडू नगंस. तू जाशील निघून, मला हितंच ऱ्हायाचंय."

मी रिकामी गाडी घेऊन परतलो. आई ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी होती. मी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी जुने पाटे परत चढवायला टाकले. गाडी अजून मिस्त्रीकडेच होती, तोच निरोप आला. बहीण वेळेआधी बाळंत झाली. पोर गेलं, आणि मागोमाग तीही.

मातीला गेलो तेव्हा तिच्या जावेनं कोपऱ्यात घेऊन सांगितलं. शेवटच्या दिवसापर्यंत बहीण खाचरात भाताच्या पेंढ्या बांधत होती. कापणीला हात कमी होते. आणि मी पहिल्यांदा येऊन गेलो त्याच संध्याकाळी म्हातारा खळ्यावर हसून म्हणाला होता, "गाडी खाली कर म्हनलंय त्याला. खाली केली की वढ्यात अडकतीया. कापनी होस्तोवर पोर कुटं जात न्हाई."

तो माणूस आज नव्वदीतही पारावर बसून लोकांचे तंटे मिटवतो. त्यानं त्याच पारावर, चार माणसांत उभं राहून सांगावं: माझ्या बहिणीला का अडवलं?