आधी तलाव, मग समुद्र

तेंदूपत्त्याच्या गोदामात एक गंमत असते. पोती कधी एवढी साचली ते कळत नाही, आणि खालचं एक ओढायला जावं तर वरची चार अंगावर येतात. किश्श्यांचंही तसंच! परवा गोंदियाच्या माझ्या दुकानासमोरच्या बाकड्यावर कोणीतरी सहज विचारलं, "काय सेठ, सुखरामभाऊले लंकेले तुमीच नेलं होतं न?" झालं. सकाळचा चहा दुपारच्या जेवणापर्यंत लांबला.

सुखरामभाऊ म्हणजे तिरोड्याकडचे धानवाले. घरची शेती, धान भरडायची गिरणी, आणि तलावाचं वेड. सोयऱ्याच्या गावी गेले तर आधी तिथल्या तलावाची पाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून येणार, कुठं खचली, कुठं झिरपते ते पाहणार, आणि मग घरात जाऊन पाणी मागणार. त्यांची बायको फुलनबाई याच्या अगदी उलट. तलावाचं नाव काढलं की कपाळाला आठी! दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत कोणा खेळवाल्याच्या डब्यात डोळा लावून तिनं एकदा समुद्राचं चित्र पाहिलं होतं. तेव्हापासून एकच धोशा.

"ज्या पाण्याचा पलीकडचा काठ दिसत नाई, असं पाणी मले एकडाव पाहाचं हाय, भाऊजी. बस."

त्या वर्षी मला तेंदूपत्त्याच्या सौद्यासाठी कोलंबोला जायचंच होतं. मी म्हणालो, "चला की दोघंही! धान चुरून, मळून झाले की निघू, लग्नसराई लागायच्या आत परत." हे ऐकून बाकड्यावर असा काही उत्साह उसळला, की जे येणार नव्हते तेसुद्धा काय काय बांधून घ्यावं याचा सल्ला द्यायला लागले!

*

बेत आखायचा म्हणजे नकाशा पाहिजे. शाळेतला भिंतीवरचा नकाशा मास्तरांकडून मागून आणला आणि दुकानात गादीवर पसरला. माझी शाळा चौथीतच सुटली, पण बोटानं गाव शोधायला शाळा लागत नाही.

आमच्या बाकड्यावर एक गार्डबाबू होते. रेल्वेतून रिटायर झाले तरी टाइमटेबल डोक्यातून रिटायर झालं नव्हतं. त्यांनी छडी टेकवली. "ये देखो. धनुषकोडी तक रेल. फिर ज़रा सा जहाज़. उस पार फिर रेल!"

सुखरामभाऊ नकाशावर ओणवे झाले. "एवढंसंच तं पाणी हाय! मंग बांध काऊन नाई टाकला?"

"डाला था न भाई! सेतु का नाम नहीं सुना?"

सुखरामभाऊंनी नकाशातल्या त्या तुटक ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मालगुजारी, म्हणजे तलाव सांभाळणाऱ्या गावमालकांची सत्ता, नुकतीच गेली होती, गावोगावचे तलाव सरकारकडे लागले होते, आणि पाळीवर टोपलंभर माती टाकायची तर ती कोणी टाकायची हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या सगळ्याचा राग त्यांच्या पोटात होता.

"हं!" ते म्हणाले. "म्हणजे तिथंबी मालगुजारी गेली म्हणा की!"

सगळे हसले. एकटे सुखरामभाऊ हसले नाहीत.

*

पुढं गार्डबाबूंनी जे सांगितलं त्यानं मात्र घात केला. पलीकडं उतरलं की गाडी आधी अनुराधापूरला लागते, तिथं राजेरजवाड्यांच्या काळचे प्रचंड तलाव आहेत. कोलंबो त्यानंतर, आणि पाय बुडवून उभं राहावं असा समुद्रकिनारा कोलंबोला.

"म्हणजे आधी तलाव, मंग समुद्र!" सुखरामभाऊंनी मांडीवर थाप मारली.

फुलनबाई बाजार करून दुकानाच्या पायरीवर टेकली होती. तिथूनच म्हणाली, "मंग मी येत नाई."

"काऊन वो?"

"काऊन ते सांगू का या सगळ्यांपुढं? बोदलकशाचं?"

सुखरामभाऊ एकदम नकाशा गुंडाळायला लागले! पण बाकडं ऐकल्याशिवाय सोडतं थोडंच?

झालं होतं असं. फुलनबाईच्या धाकट्या बहिणीचं लग्न. नवराबायको बैलबंडीनं निघाले. वाटेत बोदलकशाचा तलाव. पाळीला एका जागी पाणी पाझरत होतं. सुखरामभाऊ "आलोच" म्हणून उतरले. आधी नुसतं पाहिलं. मग धोतर खोचलं. मग चार माणसं गोळा केली. फुलनबाई नवं लुगडं नेसून, आहेराची ताटं मांडीवर घेऊन, बंडीत बसलेली. मांडवात पोचले तेव्हा नवरी सासरी गेली होती आणि लोक मांडवाचे बांबू सोडत होते.

"बहिनीचं लगन गेलं तं गेलं," फुलनबाई म्हणाली, "पण आता समुद्र नाई जाऊ देनार! माहीत हाय मले. हे एकडाव तलावात उतरले का मंग ना गाडी, ना समुद्र. तिथूनच परत गोंदिया!"

तिचं चुकत नव्हतं. सगळे मिळून दिवस थोडे, माझा सौदा ठरलेला, परतीची तिकिटं ठरलेली. अनुराधापूरची गाडी चुकली तर किनाऱ्यावर जायचा दिवसच हातचा जाणार होता.

*

मग तह झाला. आमच्या दुकानात मी मोठमोठे सौदे पाहिले, पण असला नाही!

फुलनबाईनं नव्या तांदळाची टोपली समोर ठेवली. "यावर हात ठेवा."

सुखरामभाऊंनी ठेवला.

"तलाव बारा वाजेपावेतो. एक मिनिट जास्त नाई."

"नाई."

"अन् पाळीवर उभं राहून पाहाचा. खाली उतराचं नाई."

इथं मात्र सुखरामभाऊ घासाघीस करायला लागले. "जरासं बी?"

"जरासं बी नाई! हात उचलू नोका!"

"बरं, नाई उतरत."

मग त्यांचं खिशातलं घड्याळ काढून तिनं माझ्याकडं दिलं. "हे तुमच्यापाशी, भाऊजी. जामीन तुमी."

गार्डबाबू मला हळूच म्हणाले, "सेठजी, पत्ते के धंधे में इतनी कड़ी शर्त देखी है?" मी म्हणालो, "बाबू, एवढी कडक असती तर आमचा धंदा बुडाला असता!"

*

पासपोर्टासाठी फोटो काढायचा होता. बाईमाणसाचा फोटो बाजारात निघणार म्हणून सुखरामभाऊंचे थोरले भाऊ जातीनं बरोबर आले. म्हणजे फुलनबाईचे भासरे. भासऱ्यापुढं तोंड दाखवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला.

फोटोवाला काकुळतीला आला. "भाभीजी, घूँघट हटाइए. सरकार को चेहरा चाहिए!"

"ते समोर हायेत तोवर नाई."

भासऱ्यांना बाहेर जा म्हणायची कोणाची हिंमत? शेवटी त्यांनीच तोड काढली. "मी पाठ करतो." असं म्हणून ते मागच्या पडद्याकडं तोंड करून उभे राहिले. पडद्यावर राजवाडा आणि बाग रंगवलेली. फुलनबाईनं पदर वर केला, आणि ठक्!

फोटो झकास आला. पुढं फुलनबाई, आणि तिच्या खांद्यामागं फेटा घातलेला एक माणूस राजवाडा पाहत उभा! आम्हाला वाटलं, चालेल. तसाच पाठवला. महिन्याभरानं कचेरीतून विचारणा आली: मागील इसम प्रवासास जाणार आहे काय?

भासऱ्यांना वाचून दाखवलं. ते लगेच म्हणाले, "येतो म्हणून लिवा!"

*

नवा फोटो गेला, पासपोर्ट आले, धान चुरून झाले आणि आम्ही निघालो. गोंदिया स्टेशनवर पोचवायला अर्धा बाजार लोटला होता. गाडी हलली तेव्हा फुलनबाईनं दोन्ही हातांनी खिडकीचे गज असे धरले होते, जणू गाडी तीच ओढत होती!

जहाजावर चढायच्या आधी सामानाची तपासणी. साहेबानं सुखरामभाऊंचं गाठोडं सोडवलं. आत कपड्यांच्या मधोमध एक पुरचुंडी. "ये क्या?"

"माती."

"मिट्टी? क्यों?"

"आमच्या पाळीची हाय. तिथल्या पाळीच्या मातीशी लावून पाहीन म्हनतो."

साहेबानं फुलनबाईचं गाठोडं सोडवलं. चिन्नोरचा तांदूळ, पोहे, आणि लुगड्यात गुंडाळलेली एक बाटली. उलटी करून पाहिली. रिकामी! "इसमें क्या था?"

"काई नाई. याच्यात समुद्र आनाचा हाय. गावच्या बायांले दाखवाले."

साहेबानं एकदा मातीकडं पाहिलं, एकदा बाटलीकडं, आणि मग माझ्याकडं वळला. "और आप क्या ले जा रहा है?"

मी म्हणालो, "साहेब, इन दोनों को!"

*

जहाज हललं, आणि फुलनबाईच्या पोटातलं सगळं हललं. ज्या समुद्रासाठी एवढं रामायण केलं त्यावरून जाताना ती डोक्यावरून पदर घेऊन, डोळे गच्च मिटून, बाकाखाली आडवी पडून राहिली. सुखरामभाऊ मात्र कठड्याला टेकून हरखून गेलेले. "अवो, उठ न वो! पाह्य न, तुहा समुद्र!"

पदराआडून बारीक आवाज आला. "तो मले पाहून राहिला, तेवढं पुरे!"

पलीकडं उतरल्यावर लिंबू चोखत तिनं बजावलं, "हा हिशोबात धरू नोका. मी पाहिला नाई. माहा समुद्र कोलंबोचा!"

*

अनुराधापूरला आम्ही सकाळी पोचलो. गाडी दुपारची. तलावाची पाळ चढून वर आलो आणि पाहतो तर काय! पाणीच पाणी! त्यावर सकाळचं धुकं, आणि पलीकडचा काठ दिसतच नव्हता. फुलनबाई पदर सावरायचं विसरून पाहत राहिली.

जरा पुढं पावसानं पाळीचा एक तुकडा खचवला होता. गावची माणसं, बाया, ओळ लावून मातीची टोपली हातोहात वर देत होती. सुखरामभाऊ पाळीच्या अगदी काठाशी जाऊन उभे राहिले. हात शिवशिवत होते, पाय उचलत होते. पण तांदळावर हात ठेवला होता! खाली उतरले नाहीत. पुरचुंडीतली माती चिमटीत घेऊन तिथल्या तिथंच चोळत राहिले.

ओळीतल्या एका पोरसवदा बाईचं तान्हं झाडाखाली रडायला लागलं. ती तिकडं धावली. ओळीत खिंड पडली, आणि भरलेलं टोपलं मधल्यामधे अडलं.

"हे धरा," फुलनबाई म्हणाली. बाटली नवऱ्याच्या हातात दिली, पदर कमरेला खोचला, आणि सरळ खाली उतरून त्या खिंडीत उभी राहिली. तिला त्यांची भाषा येईना, त्यांना तिची. पण टोपलं चालू झालं. ती त्यांना आपल्या बोलीत दटावत होती, "दाबून भरा वो बाई, दाबून!" आणि त्या हसत हसत आणखी दाबून भरत होत्या. तान्ह्याची आई परत आली, पण फुलनबाईनं जागा सोडली नाही. शेवटी ती आईच शेजारी उभी राहिली.

मी घड्याळ काढलं. बारा वाजतच आले होते. मी सुखरामभाऊंकडं पाहिलं. एका हातात माती, दुसऱ्या हातात रिकामी बाटली, असे ते वर उभे.

त्यांनी हाक मारली. "अवो! बारा वाजून राहिले! गाडी चुकन! तुहा समुद्र राहीन न वो!"

फुलनबाईनं मानसुद्धा वर केली नाही.

"थांबा जी! पाळ अर्धी टाकून कोनी जाते का?" आणि पुढचं टोपलं हातात येईपर्यंत म्हणाली, "अन् तुमी वरतं उभे राहून काय पाहून राहिले? उतरा खाली!"