आधी मूठ उघडा

"आदी मूठ उघडा."

कुणी बंद हात पुढे केला की काका त्याचं मनगट धरून एवढंच म्हणत. बारशाचे पेढे द्यायला आलेल्या शेजारणीचीही सुटका नसे. एकदा मत मागायला आलेल्या उमेदवाराचा हात त्यांनी उलटासुलटा करून पाहिला. "रिकामाच हाय," ते म्हणाले, "म्हंजी आमालाबी हेच मिळनार."

काका परळीच्या वीज केंद्रात कोळशाची राख उपसायच्या कामावर होते. निवृत्तीनंतर आमच्या घराला लागूनच राहत. मी दिंद्रुड गावाहून आलेला, घराण्यातला पहिला पदवीधर, कॉलेजात नुकताच भौतिकशास्त्र शिकवू लागलो होतो. त्याचं मला अप्रूप होतं. काकांना नव्हतं.

"फिजिक म्हंजी काय इकता?"

"विकत नाही काका, शिकवतो."

"बगू."

तुमच्याही ओळखीत असा एखादा संशयी माणूस असेल. आमच्या काकांच्या संशयाला मात्र मूळ होतं. लहानपणी त्यांची बहीण तापाने फणफणली तेव्हा एका बुवाने रिकाम्या मुठीतून अंगारा काढून दिला. त्या भरवशावर दवाखाना राहिला आणि बहीण गेली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही भिंतीकडे बघत.

पुढे आमच्या गल्लीत तसाच एक बुवा आला. माणसं हात जोडून बसलेली. काका गर्दीतून वाट काढत पुढे जाऊन बसले.

"म्हाराज, माजा जन्म राखेत गेला. राख कोळशातून येती. तुमची हातातून येत आसंल तर जरा बाही वर करा."

"उठवा बे ह्याला!" मागून कुणीतरी ओरडलं. काका स्वतःच उठून घरी आले. बुवाने मात्र त्या दिवशी अंगारा काढला नाही.

त्यांची नात सुजाता माझी विद्यार्थिनी. बारावीनंतर तिला पुण्याला भौतिकशास्त्र शिकायला जायचं होतं. घरात शेवटचा शब्द काकांचा, आणि त्यांनी तो अजून दिला नव्हता. त्याच सुमारास विहारात माझं भाषण झालं. हे सगळं विश्व शून्यातून आलं असावं, असं मी उत्साहाने सांगितलं. खूप टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत काका हाताची घडी घालून बसले होते.

सकाळी ते दारात आले. मागे सुजाता.

"सर, पोरीला धाडायचं न्हाई."

"का, काका?"

"कावून म्हंजी? माज्या लहानपनीच्या बुवानं चिमूटभर राख काडली. तुमी तर चांद-सूर्य काडले! लई मोटी बाही हाय तुमची."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग मी समजावू लागलो. रिकामी पोकळीसुद्धा अगदी रिकामी नसते. तिच्यात बारीक कण उमटतात, विरतात. ते निसर्गाच्या नियमांनी चालतं.

"म्हंजी नियम आदीच होते?"

"होते, असं धरावं लागतं."

"मग शून्य कावून म्हनायलाव? आनि ते नियम कुटून आले?"

सुजाता माझ्याकडे टक लावून बघत होती. तिचं पुण्याला जाणं माझ्या उत्तरावर अडलं होतं. मोठमोठे शब्द माझ्याकडे होते, मेहनतीने मिळवलेले. त्यातला एखादा टाकला असता तर कदाचित निभावलं असतं. पण काकांची नजर माझ्या बाहीवर होती.

"माहीत नाही, काका," मी म्हणालो. "अजून कुणालाच नक्की माहीत नाही. त्याआधीही काही असेल, असं मानणारे आहेत. शोध चाललाय. हिला त्याच शोधात जायचंय."

काकांनी बाहीवरची नजर उचलून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हे काल टाळ्यांच्या आदी का न्हाई सांगितलं?"

ते नातीकडे वळले. "जा. सरांनी मूठ उघडली. पर तिकडं कुनी शून्यातून आलं म्हनलं, तर त्याचीबी बाही बगायची."

काका गेल्या थंडीत गेले. विहारात शोकसभा होती. सुजाता पुण्याहून येऊन समोर बसली होती. 'शून्यातून आलेला माणूस शून्यात विलीन होतो', असं सुंदर वाक्य मी रात्रीच जुळवून ठेवलं होतं. बोलता बोलता त्या वाक्याशी आलो आणि थांबलो. सुजाता माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती.

"काका कुठे गेले, मला माहीत नाही," मी म्हणालो, आणि खाली बसलो.

सभा संपल्यावर ती माझ्याजवळ आली. माझं मनगट धरलं. डोळे भरलेले, पण आवाज अगदी आजोबांचा.

"सर, आधी मूठ उघडा."

मी मूठ उघडली. आत पाकळ्या होत्या, घामाने भिजून चुरगळलेल्या. काकांच्या फोटोला वाहायच्या राहूनच गेल्या होत्या.