विंचूरच्या द्राक्षबागेतलं गाऱ्हाणं

एकोणीस वर्षं मी वृत्तपत्राच्या डेस्कवर काम करतोय. भुताखेतांच्या बातम्या आल्या की मी त्या न वाचता बाजूला टाकतो. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. जे घडलं तेवढंच लिहितो.

मी मुलुंडला राहतो. लहानपण घाटकोपरच्या भटवाडीतल्या चाळीत गेलं. शेजारच्या खोलीत संतोष आणि त्याचा मोठा भाऊ दिनेश. मूळचे मालवणकडचे. दिनेश नऊ वर्षांपूर्वी कामावर जातो म्हणून निघाला तो परत आला नाही. पोलीस, हॉस्पिटलं, सगळं झालं. आता चाळ पाडून नवी इमारत होणार आहे आणि खोली दोन्ही भावांच्या नावावर; दिनेशच्या सहीशिवाय कागद पुढे सरकेना. सात वर्षांहून जास्त काळ बेपत्ता असलेल्या माणसाला मृत समजावं, असा अर्ज कोर्टात करायचा होता. सोमवारी दोन प्रतिज्ञापत्रांवर सह्या होणार होत्या — एक संतोषचं, दुसरं जुना शेजारी म्हणून माझं.

त्याआधीच्या शनिवारी संतोषची बायको रूपाली म्हणाली, कुठेतरी जाऊन येऊ, ह्याचं डोकं ठिकाणावर नाहीये. म्हणून आम्ही तिघं नाशिकपुढच्या विंचूरला गेलो. जुनं सरदारी गाव, बाहेर द्राक्षबागा आणि वायनरी. गावात फिरून दुपारी चारच्या सुमारास ग्लास घेऊन आम्ही बागेत शिरलो. लख्ख ऊन होतं. काढणी संपलेली, वेलींच्या सरळ ओळी, खालून आरपार दिसत होतं. आसपास कोणी नाही.

संतोषने ग्लासातली थोडी वाइन मातीवर ओतली, मालवणकडे गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घालताना जागेच्या राखणदाराला देतात तशी.

"इथे पण गाऱ्हाणं?" रूपाली म्हणाली. "टेस्टिंगला आलोय ना आपण?"

"परक्याच्या हद्दीत पितोय, राखणदाराला सांगायला नको?" मग माझ्याकडे वळून, "आणि तू रे पत्रकार, हुंकार जोरात दे. फुकटची प्यायलायस."

त्याने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या जागेचो जो कोण राखणदार आसात, त्याका ही लेकरां आज ठेवणा ठेवतत. गोड मानून घे…"

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघांनी हसत हुंकार दिला.

"इल्यासारखी सुखरूप घराक पोचव…"

"व्हय म्हाराजा."

मग तो थांबला. आवाज बदलला. "माझो भाव दिनेश, नऊ वर्सां घराक नाय. सोमवारी मी त्याका मेलो म्हणून लिवन देतलंय. तो जितो आसा काय?"

आम्ही गप्प राहिलो. ह्याला काय हुंकार देणार?

डावीकडच्या ओळीतून, दहाएक फुटांवरून, पुरुषाचा आवाज आला. "व्हय म्हा… म्हा… म्हाराजा."

तिथे कोणीही नव्हतं. संतोष ओळीच्या टोकापर्यंत धावत गेला. मी शेजारच्या दोन्ही ओळी पाहिल्या. माती नुकतीच भिजवलेली. पावलं फक्त आमची.

मग मी डेस्कवर करतो तेच केलं. कोणी एकमेकांशी बोलायच्या आत टेस्टिंगच्या नोंदींचे कागद काढले, दोघांना एकेक दिला, एक मी घेतला आणि ऐकलेलं मागच्या बाजूला लिहायला सांगितलं. तिन्ही कागदांवर तेच शब्द, तीच दिशा. रूपालीने खाली लिहिलं होतं — 'बोलताना अडखळत होता.'

दिनेश तोतरा होता. चाळीच्या गणपतीत त्याचा हुंकार नेहमी सगळ्यांच्या मागून यायचा. रूपालीचं लग्न तीन वर्षांपूर्वीचं; तिने दिनेशला कधी पाहिलेलं नाही. तोतरेपणाबद्दल तिला सांगितलं नव्हतं, असं संतोष म्हणतो. हे मला पडताळता आलेलं नाही.

परतताना गाडी कसाऱ्याला पोचली. मग संतोष म्हणाला, "गाऱ्हाण्यात मागायचं असतं. विचारायचं असेल तर देवळात कौल लावतात. मी विचारलं… चुकलंच माझं."

सोमवारी वकिलाच्या ऑफिसात त्याने न वाचता सही केली. त्याची आई एक्याऐंशी वर्षांची आहे, चाळीचे तीन जिने चढते; नव्या इमारतीत लिफ्ट असेल. नंतर कागद माझ्यापुढे आला. 'दिनेश हयात असल्याचे मला आजवर कोणत्याही मार्गाने कळलेले नाही.'

"कर ना," संतोष म्हणाला. "तू तर मानत नाहीस ना असलं काही?"

"नाही मानत."

"मग?"

मी कागद त्याच्याकडे परत सरकवला. बागेत कोण बोललं, मला माहीत नाही. सुचेल तो खुलासा मी तपासून पाहिला, एकही टिकला नाही. माझ्या जागी तळमजल्यावरच्या शेजाऱ्याने सही केली. त्या दिवसापासून संतोषने मला फोन केलेला नाही, आणि मीही त्याला केलेला नाही.