चंद्राबाईला मी मयत केलं

चहा घ्या, निवतोय. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं मला स्वतःलाच हसू येत नाही. काय सांगायचं, एका जिवंत बाईला मी मयत करून बसलोय. तेही शाईनं, वळणदार अक्षरात!

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. मी बुलडाणा जिल्ह्यात, घाटावरच्या एका गावात मास्तर. मतदारयादीचं काम मास्तरांच्या गळ्यात पडणार, हे ठरलेलंच. वही काखोटीला मारून मी घरोघर हिंडत होतो.

गावाबाहेर नाल्याकाठी चंद्राबाई राहायची. वांगी, मेथी लावायची आणि जानेफळच्या बाजारात विकायची. जन्मली मुलगा म्हणून. मिसरूड फुटायच्या वयात घर सोडून हिजड्यांच्या डेऱ्यात गेली. पुढं डेराही सोडला, कारण तिला टाळी वाजवून मागायचं नव्हतं, मळा करायचा होता. त्यामुळं डेऱ्यातल्या म्हणायच्या, ही आमच्यातली नाही. गावातल्या बाया म्हणायच्या, आमच्यातली तर नाहीच नाही. पुरुषांचं काय विचारता? त्यांना नुसती थट्टा हवी.

तिच्याकडं जावं की नाही, या विचारात मी होतो, तर तीच शाळेत आली.

"गुरुजी, मले यादीत घ्या. बायाईत लिवा."

मी म्हटलं, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव लागतं. ती म्हणाली, डेऱ्यातल्या गुरूचं लिवा. गुरूचा रकाना नाही म्हटल्यावर बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग हळूच बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"एका कागदावर तरी मले बाई राहू द्या, गुरुजी."

मी लिहिलं. चंद्राबाई, स्त्री. तिथंच वही मिटली असती तर काय बिघडलं असतं? पण आमच्या अंगात हुशारी फार.

बापाचं गाव नेमकं माझी सासुरवाडी. तिथल्या मास्तरांची यादी सहज चाळली, तर त्यात बापाच्या नावाखाली तिचं जुनं, मुलाचं नाव अजून होतं. एक माणूस दोन याद्यांत चालत नाही, हे आम्हाला बजावून सांगितलेलं. दुबार म्हणून हिचं नाव उडालं तर? मग जुनं नाव कमी करून घ्यायला गेलो सरळ बापाकडं.

बाप मोठा कास्तकार. ओसरीवर बसवलं, पान दिलं. मी विषय काढला आणि त्याचं तोंड बदललं.

"पोरगा मेला आमचा, गुरुजी. तेरवी केली, गाव जेवू घातलं."

ऐका माझं डोकं कसं चाललं ते. जुन्या नावाचा पोरगा मयत, नव्या नावाची बाई जिवंत, म्हणजे दुबारची भानगडच मिटली! मी बापाकडून तसं लिहूनच घेतलं, सहीसकट.

निघालो तर तिची माय गोठ्याआडून पुढं आली. विचारलं, "तिले वांगे चांगले होतात का?" मी म्हटलं, हाव, चांगले होतात. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. तेव्हा तरी मी तो कागद फाडायला हवा होता की नाही, सांगा.

तालुक्याच्या कचेरीत कारकुनापुढं कागद ठेवला. ठेवून गप यायचं ना! पण मला शाबासकी हवी होती. सगळं समजावून सांगितलं, की साहेब, हा मुलगा आणि आमची चंद्राबाई एकच बरं का. कारकून म्हणाला, बरं झालं सांगितलंत. मी शीळ घालत सायकल दामटली.

मतदानाच्या दिवशी टेबलाशी मीच. बायांच्या रांगेत सगळ्यांत आधी चंद्राबाई. नवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू. मागच्या बाया चार हात लांब. मी यादी उघडली. तिच्या नावावर आडवी रेघ आणि पुढं 'मयत'. कारकुनाचं साधं होतं. माणूस एकच, तर मेला तो दोन्हीकडं मेला.

तिला वाचता येत नव्हतं. खोटं बोलता आलं असतं, पण जीभ वळली नाही. बापाचा कागद, माझी हुशारी, सगळं सांगितलं.

"बापानं मारलं, ते मी सोसलं, गुरुजी. तुमी काऊन मारलं?"

तिनं रेघेवर बोट ठेवलं. "याच्याखाली काय लिवलं होतं?"

"स्त्री."

तिनं हळूच बोट उचललं. मग निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत धावलो. चंद्राबाई जिवंत आहे, असं माझ्या सहीनिशी लिहून दिलं. कारकून कागदाकडं बघत म्हणाला, "मेल्याचा कागद तुमीच आणला, जित्याचाबी तुमीच. तुमच्या कोणत्या सहीवर भरोसा ठेवू, गुरुजी?"

नाव परत चढायच्या आत तिनं गाव सोडलं. वांगी झाडावरच पिकून पिवळी पडली. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

त्या यादीसाठी मी अख्ख्या गावाच्या विनवण्या केल्या होत्या. नाव सांगायला कुणाला फुरसत नव्हती. "माझं नाव लिवा" म्हणून स्वतः चालत आलेलं माणूस एकच. आणि एवढ्या नावांत मी खोडायला लावलं तेही एकच.