दोन रुंद दारांचं घर

पनवेलला घर बघतोय म्हटल्यावर आमच्या चाळीत अशी शांतता पसरली, की कुणी गेलंबिलं की काय. परळची माणसं ती. वाशीचा पूल ओलांडला की त्यांच्या मते पुढे नुसतं गवत. शेजारच्या काकूंनी तर माझा हात हातात घेऊन हळूच विचारलं, "घरात भांडण झालंय का गं?"

भांडण नव्हतं झालं. माझ्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि त्यांचा उजवा पाय त्यांचं ऐकत नव्हता. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, संडास गॅलरीच्या पार टोकाला, आणि तिथंही दोन पायऱ्या. म्हणून खोलीतच पडद्याआड खुर्चीचा कमोड ठेवला होता. बाबा खाकरले की मी बाहेर जायची आणि दोरीवरचे कपडे उगाच चाचपत उभी राहायची. मी कोरडे कपडे का चाचपते हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. बाबांनाही ठाऊक होतं. ज्या माणसाच्या नुसत्या आवाजानं चाळीतली पोरं क्रिकेट थांबवायची, तो माणूस पडद्याआडून बाहेर आल्यावर माझ्याकडे बघायचा नाही.

तळमजल्यावरचं, आत संडास असलेलं घर मुंबईत विचारलं तर एजंट हसला. तोंडावर हसला मेला. मग आम्ही पनवेल गाठलं.

बाबा मात्र हटून बसले होते. खोली त्यांच्या नावावर. ती विकल्याशिवाय दुसरं घर घेणं शक्य नाही, आणि त्यांच्या सहीशिवाय ती विकणं शक्य नाही. विषय निघाला की ते भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "या खोलीतून मी चार खांद्यांवरूनच उतरणार." नवरा पेपर उघडून बसायचा. मी भांडी आपटायची.

आम्हाला मिळालेलं घर नवीन पनवेलच्या सेक्टरांना लागून असलेल्या एका जुन्या गावाच्या कडेला होतं. ज्याची शेती शहरात गेली अशा एका गाववाल्यानं उरलेल्या जमिनीवर तीन मजली इमारत बांधली होती. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. तळमजल्यावरचा एकच फ्लॅट विकायचा राहिला होता. तो बघितला आणि मला हसूच आलं. पुढचं दार दोन फळ्यांचं, एखाद्या मंगल कार्यालयाला शोभेल इतकं रुंद. त्याच्या सरळ रेषेत हॉल, हॉलमधून तशीच रुंद कमान स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघराला मागे पुन्हा तसंच दार. दोन्ही दारं उघडली की घर आहे की बोळ, कळायचं नाही. मागे मोकळं शेत आणि लांबवर कर्नाळ्याचा सुळका.

"एवढी मोठी दारं कशाला हो?" मी विचारलं.

"जुनी पद्धत हाय आमची," शेठ म्हणाले आणि नळ सोडून पाण्याचा दाब दाखवायला लागले.

वरच्या घरांपेक्षा हे स्वस्त होतं, त्यामुळे माझ्या मनात पाल चुकचुकली. मी सरळच विचारलं, "इथं कुणी मेलंबिलं नाही ना?" नवरा लाजेनं लाल झाला. शेठ मात्र हात जोडून म्हणाले, "नाय ताई. देवीची शपथ, कोन नाय."

बाबांची व्हीलचेअर दारातून कडेला न घासता आत गेली असती. मला तेवढं पुरे होतं. पण शेठनी एक विचित्रच अट घातली. "आमची जत्रा झाल्याबिगर कागद करायचे नाय. तवर सगल्यांनी येऊन ऱ्हावा. भाडं नको. जत्रा झाली का मंग तुमी ठरवा, आमी पन ठरवतो."

आमी पन ठरवतो म्हणजे काय? मी नवऱ्याला म्हटलं, हा माणूस दुसरं गिऱ्हाईक शोधतोय. नवरा म्हणाला, "शोधू दे. महिनाभर फुकट राहायला मिळतंय, बाबांनाही कळेल." बाबांना आम्ही हवापालट असं सांगितलं. चाळीतल्या दोघांनी त्यांना खुर्चीसकट खाली आणलं, तेव्हा ते प्रत्येक जिन्यावर बजावत होते, "हे उतरणं धरायचं नाही. मी परत येणार आहे."

नव्या घरात त्यांनी खाट हॉलच्या मधोमध, पंख्याखाली लावून घेतली. भिंतीशी वारा लागत नाही म्हणे. खाटेखाली त्यांची बॅग, पट्टा आवळलेला. कपडे कपाटात ठेवू का विचारलं तर म्हणाले, "पाहुण्यानं कपाट वापरू नये."

पहिल्या दिवशी ते स्वतः चाकं ढकलत संडासाकडे गेले. दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला आणि मी ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडले. त्या एका कडीसाठी मी पनवेल काय, आणखी पुढे जायला तयार होते. बाबा बाहेर आले आणि म्हणाले, "फ्लशला जोर नाही."

त्यानंतर रोज एक खोट. पेपर उशिरा येतो. दुधाला पावडरचा वास येतो. रात्री इतकं शांत असतं की झोप लागत नाही. मी मनातल्या मनात हात टेकले होते.

जत्रेच्या दिवशी सकाळी शेठच्या बायकोनं आमच्या पुढच्या दाराबाहेर सडा घातला, रांगोळी काढली. मला बरं वाटलं, शेजारधर्म आहे म्हटलं. मग तिनं मागच्या दाराबाहेरही रांगोळी काढली. मला वाटलं, हौस. नवरा कामावर गेला. चैत्रातलं ऊन, म्हणून दोन्ही दारं सताड उघडी. मी गाऊनवरच भाकऱ्या थापत होते.

ढोल लांबून येत होते, ते जवळ आले. मग फारच जवळ आले. मला वाटलं आता वळतील, कोपऱ्यावरून देवळाकडे जातील. वळले नाहीत. स्वयंपाकघरातली भांडी थरथरायला लागली, म्हणून मी पिठाच्या हातानं कमानीत आले, आणि बघते तर काय, पालखी माझ्या हॉलमध्ये शिरत होती.

पालखी! खरीखुरी, चांदीचा मुखवटा, लाल छत्र, झेंडूच्या माळा, आणि पुढे-मागे निम्मं गाव. गुलालानं माखलेले भोई, डोक्यावर दिवे घेतलेल्या बाया, ढोलवाले. मी ओरडले, "अहो, चपला! चपला तरी काढा!" मग खाली बघितलं तर सगळे अनवाणी. माझ्याच पायांत स्लिपर होत्या.

ढोल थांबले. भोई थांबले. कारण पालखीच्या बरोबर वाटेत खाट होती आणि खाटेवर बाबा होते.

बाबांनी चादर पायांवर ओढून घेतली होती. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मागून लोक रेटत होते, पालखी डोलत होती. शेठ पुढे आले, वाकले, हात जोडून म्हणाले, "बाबा, देवीला वाट द्या."

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग देवीकडे बघितलं. आणि म्हणाले, "मला उठता येत नाही."

दोन वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनाही ते 'जरा जड वाटतंय' एवढंच सांगायचे. इथं अनोळखी माणसांच्या गर्दीसमोर त्यांनी ते सरळ बोलून टाकलं. मला वाटलं, आत्ता धावत जाऊन त्या सगळ्यांना बाहेर हाकलावं.

पण त्याआधीच शेठनी मागे बघून नुसती मान हलवली. चौघे जण पुढे आले, खाटेच्या चार पायांशी वाकले आणि त्यांनी बाबांसकट खाट उचलली. माझ्यासमोरून, माझ्या ओट्याला लागून, थापलेल्या भाकरीच्या शेजारून ती गेली. मागच्या दारातून बाहेर पडल्यावर त्यांनी ती खांद्यांवर घेतली.

चार खांदे. खाटेवर आडवा माणूस, वर गुलाल उडतोय, मागे लोक. असं घरातून कोण निघतं ते मला माहीत होतं. मी "बाबा!" म्हणून किंचाळले आणि तशीच गाऊनवर बाहेर धावले. शेठच्या बायकोनं मागून येऊन स्वतःच्या खांद्यावरची शाल माझ्या अंगावर टाकली आणि कानाशी म्हणाली, "घाबरू नको गो. बग तरी त्यांच्याकडं."

मी बघितलं. शेतात, उघड्या आभाळाखाली, चौघांच्या खांद्यांवर बाबा कोपरावर टेकून उठून बसले होते. मागून पालखी येत होती, ढोल पुन्हा सुरू झाले होते. कुणीतरी त्यांच्या कपाळाला गुलाल लावला होता. त्यांचा मोकळा हात ढोलाच्या तालावर हलत होता. ते रत्नागिरीकडचे, तरुणपणी शिमग्याला पालखी नाचवायचे, हे मी लग्नात कधीतरी ऐकलं होतं आणि विसरून गेले होते. पलीकडच्या बांधावर खाट खाली ठेवली. पालखी पुढे गेली, आणि बाबा खूप वेळ तिच्याकडे बघत राहिले.

मी मात्र पेटले होते. संध्याकाळी शेठ आले तेव्हा नवरा नुकताच घरी येऊन फरशीवरच्या गुलालाकडे तोंड उघडं टाकून बघत होता. मी म्हटलं, "एका शब्दानं सांगायचं नाही? माणूस आजारी आहे घरात! हे घर आहे की रस्ता?"

"रस्ताच हाय," शेठ शांतपणे म्हणाले. "इमारत नव्हती तवा हिथनं पायवाट होती देवीची. माज्या बापानं वाट मोडू नको सांगितलेलं. म्हनून दारं ठेवली."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"आदीच्यांना सांगितलेलं. दोन घरची मानसं येऊन गेली. दोगं बी 'हो हो' म्हनाले. देवी दारात आली तर दाराला कुलूप, मानसं मुंबईला. तवापासनं सांगत नाय. बगतो." त्यांनी मान खाली घातली. "तुमच्या बाबांचं मला ठाऊक होतं. खाट मदी हाय हे नव्हतं ठाऊक. ते चुकलं. आता तुमी ठरवा. आमचं ठरलंय."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. माझं उत्तर तयार होतं. दरवर्षी माझ्या स्वयंपाकघरातून गाव जाणार? वेड लागलंय का मला? त्या कडीचा आवाज आठवला, तरीही मी नाहीच म्हणणार होते. मी तोंड उघडलं तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. ज्या आवाजानं चाळीतली पोरं क्रिकेट थांबवायची, तोच.

"सूनबाई, खाट भिंतीला लाव."

मला कळेचना. "तिथं तुम्हाला वारा लागणार नाही, बाबा."

"टेबलफॅन आणा." त्यांच्या भुवयांत अजून गुलाल होता. "चार खांद्यांवरून उतरणार म्हणालो होतो ना? झालं ते. पुढच्या वर्षी वाट मोकळी हवी."

मी खाली वाकले, खाटेखालची बॅग ओढली आणि तिचा पट्टा सोडला.