नवमीच्या पूजेत बसलेला जॅमर

ती घटना आजही आठवली की आधी हसू येतं आणि मग जरा लाज वाटते. चोरी सरकारी मालाची होती, ती भरदिवसा झाली होती आणि आरोपी म्हणून मी चुकीच्या माणसाला समोर उभं केलं होतं.

हिंगोली जिल्हा नवा झाला होता, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. माझ्याकडे शहर वाहतूक शाखा होती. शाखा म्हणजे एक खोली, एक जीप, सहा शिपाई आणि एक जमादार. जमादार निवृत्तीला आलेले, तीन महिने उरलेले. सडपातळ, कमी बोलणारे आणि कमरेने त्रासलेले. सगळे सणवार ते ड्युटीवर असत. होळीला, दिवाळीला दुसऱ्याच्या बदली उभे राहत आणि त्या बदल्यात वर्षातून एकच रजा मागत. दसऱ्याला पत्नीसह नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचं. त्यांच्या पांढऱ्या कपड्यांना आठवडाभर आधी इस्त्री होत असे.

एसटी स्टँडच्या फाटकासमोर काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांनी उच्छाद मांडला होता. बस बाहेर निघायची पंचाईत. आम्ही पावत्या फाडायचो, जीपवाले त्या टपाखाली खोचून पुन्हा तिथेच उभे राहायचे. वरिष्ठांनी सांगितलं, ज्यांच्या तीनपेक्षा जास्त पावत्या थकल्या त्यांच्या चाकाला जॅमर लावा. पण जॅमर वरून काही येईना. मग मी एका वेल्डिंगवाल्याकडून दोन बनवून घेतले. चाकाला मिठी मारणारा लोखंडी आकडा, त्याला कुलूप आणि पुढे चाकाचे नट झाकणारं ताटाएवढं जाड झाकण. पिवळा रंग मी स्वतः उभा राहून लावून घेतला.

जॅमर भलताच जड झाला. तो सायकलच्या कॅरिअरला बांधून जमादार स्टँडपर्यंत नेत. तिसऱ्या दिवशी मी त्यांना सायकल टेकवून कमरेवर हात ठेवून उभं असलेलं पाहिलं. मला वाईट वाटलं. मी तडक दोन्ही जॅमर वेल्डिंगवाल्याकडे नेले आणि झाकणं कापून टाकायला लावली.

जमादार म्हणाले, "साहेब, झाकण असू द्या. त्याचं काम हाय."

"काही काम नाही. कुलूप आहे ना? नुसतं वजन कशाला वाहायचं?" मी म्हणालो. माझ्या हुशारीवर मी खूश होतो.

नवरात्रात सप्तमीच्या दिवशी आम्ही एका जीपला जॅमर लावला. चार पावत्या थकलेल्या. जीपवाला तिशीचा, कनेरगाव नाक्याजवळच्या एका तांड्यावरचा. एवढंच तो बोलला होता. गाडीचे कागद अजून पहिल्या मालकाच्या नावावर, पत्ता परभणीचा.

तो हात जोडून म्हणाला, "साहेब, पैसे देतो. पर आज न्हाईत. पहिलीच गाडी हाय माही. नवमीला पूजेला दारात पायजे. माय वाट पाहून राहिली."

"पैसे आण, गाडी ने," मी म्हणालो. तो जीपकडे बघत बघत गेला.

दुसऱ्या दिवशी, अष्टमीला, दुपारी दोन वाजता जमादार जेवायला गेले. तीन वाजता परत आले तर जीप नव्हती. जॅमरही नव्हता. जागा लख्ख मोकळी, फक्त एक चपटा दगड पडलेला.

मी धावत गेलो. जमादार त्या दगडाजवळ उकिडवे बसून मातीवरचे ग्रीसचे डाग पाहत होते. मला पाहून उठले.

पंचनामा झाला, स्टेशन डायरीला नोंद झाली. मग मी चहाटपरीवाला, पानवाला, रसवंतीवाला असे एकेक करून शाखेत बोलावले. प्रत्येकाला डोळ्यात डोळे घालून एकच प्रश्न केला, "जॅमरचं कुलूप उघडताना कोणाला पाहिलं?"

"न्हाई साहेब."

"नीट आठव."

"लेकराची शपथ साहेब, कुलपाला कोणी हात लावला न्हाई."

पोलीस खात्यात थोडे दिवस काढले की खोटं बोलणारा माणूस ओळखू येतो. तो गरजेपेक्षा जास्त बोलतो. हे तिघंही खरं बोलत होते, हे मला दिसत होतं. म्हणजे कुलूप गुपचूप, सफाईने, चावीने उघडलं गेलं. चाव्या दोन. एक माझ्या ड्रॉवरमध्ये लाखेने बंद पाकिटात. दुसरी जमादारांच्या खिशात, शर्टाच्या आतून दोरीने बांधलेली.

मी जमादारांना समोर उभं केलं. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला मी बसायलाही सांगितलं नाही.

"चावी कोणाला दिली होती?"

"कोणालाच न्हाई साहेब."

"मग कुलूप उघडलं कसं?"

"कुलूप उघडलं गेलंच न्हाई, साहेब."

मला तो उद्धटपणा वाटला. मी आवाज चढवला. ते खाली बघत एवढंच म्हणाले, "नवमी होऊ द्या. गाडी सापडंल."

हे ऐकून माझा संशय पक्का झाला. याला सगळं ठाऊक आहे, हा सामील आहे! संध्याकाळी मी पोलीस अधीक्षकांना सांगितलं. ते म्हणाले, "दसऱ्याला सकाळी शस्त्रपूजन आहे. दोन्ही जॅमर पूजेत दिसले पाहिजेत. नाही दिसले तर चावी ज्याच्याकडे होती त्याची विभागीय चौकशी. तोवर त्याने मुख्यालय सोडायचं नाही." म्हणजे निवृत्तीच्या तोंडावर चौकशी आणि नागपूरची रजा रद्द. मी हे सांगितलं तेव्हा जमादार सॅल्यूट करून बाहेर गेले. खिडकीतून पाहिलं, तर सायकलचं कुलूप त्यांना काही केल्या उघडत नव्हतं.

वारंगा फाटा, सेनगाव, कनेरगाव नाका, सगळीकडे मी निरोप पाठवले. नवमीला सकाळी नऊ वाजता फोन खणखणला. कनेरगाव नाक्यावरचा एक ढाबेवाला आमचा खबऱ्या होता. हसू दाबत तो म्हणाला, "साहेब, तुमचं पिवळं लोखंड हिकडं तांड्यावर पूजेत बसून राहिलंय. या लवकर, नारळ फुटायच्या आत."

मी एक शिपाई आणि जमादारांना जीपमध्ये घेतलं. जमादारांना मुद्दाम घेतलं. आरोपीसमोर उभं केलं की चेहरा बोलतो, असा माझा हिशेब.

तांड्यावर पोचलो तर अंगणात ती जीप धुऊन पुसून उभी. बॉनेटवर झेंडूची माळ, चारही चाकांना हळद-कुंकू. आणि शेजारी पाटावर पाचवं चाक, आमच्या जॅमरसकट! कुलूप जसंच्या तसं लागलेलं, त्यालाही कुंकवाचा टिळा, वर झेंडूचं फूल. जीपवाल्याची आई आरतीचं ताट घेऊन ओवाळत होती.

आम्हाला बघून जीपवाला पांढराफटक पडला. म्हातारी मात्र गालातल्या गालात हसली आणि सरळ आमच्या जीपकडे आली. "तुमच्या गाडीला कोणी कुंकू लावलं न्हाई अजून?" असं म्हणत तिने सरकारी बॉनेटवर पाच बोटं उठवली. माझा शिपाई फिसकन हसला.

मी जीपवाल्याची गचांडी धरली. "चावी कोणी दिली?"

"चावी?" तो खरोखरच गोंधळला. "चावी काहून लागंल साहेब? जॅक लावला, नट खोलले, चाक काढून आत ठेवलं आन् स्टेपनी चढवली. तुमच्या कुलपाला बोट लावलं न्हाई. सरकारी माल हाय, वरखडा न्हाई येऊ दिला. दसरा झाला की चाकासकट आणून देणार व्हतो, पैशाबरोबर."

"आणि ही पूजा?"

उत्तर म्हातारीने दिलं. "गाडीला लागून आलं, म्हंजे गाडीचंच झालं ना बाबा. आन् लोखंड हाय. नवमीला घरातल्या इळ्या-कुऱ्हाडीला कुंकू लावायचं आन् ह्यालाच उपाशी ठेवायचं व्हय?"

मी पाटावरच्या चाकाकडे पाहिलं. पिवळ्या आकड्याच्या मधून चाकाच्या नटांची भोकं उघडी माझ्याकडे बघत होती. बरोबर तिथे, जिथे झाकण होतं. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. जमादार तांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बाभळीकडे टक लावून बघत होते, जणू तिथे काही महत्त्वाचा पुरावा आहे.

म्हातारीने दिलेला प्रसाद खाऊन आम्ही निघालो. चाक आमच्या जीपमध्ये आणि मागून जीपवाला स्वतःची गाडी घेऊन. नाका ओलांडला तेव्हा मी विचारलं, "जमादार, तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"व्हय साहेब. दगड जॅकखालचा व्हता."

"मग बोलला का नाहीत? चौकशी लागली असती. नागपूर गेलं होतं."

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "काय बोलणार? झाकण तुमी माझ्या कमरेसाठी कापलं व्हतं. पस्तीस वर्षांत माझी कमर कोणी पाहिली न्हाई साहेब. तुमी पाहिली. तेच कागदावर तुमच्या इरुद्ध कसं लिहून देऊ?"

शिपाई समोर बघून गाडी चालवत होता म्हणून बरं. माझे डोळे भरून आले होते.

शाखेत पोचल्यावर मी स्टेशन डायरी उघडली आणि लिहिलं की जॅमरचं झाकण माझ्या तोंडी आदेशाने काढण्यात आलं होतं, त्यामुळे चाकासह जॅमर नेणं शक्य झालं, जमादारांचा काहीही दोष नाही. मग अधीक्षकांना फोन केला. ते आधी रागावले, मग पूजेचं ऐकून इतके हसले की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. टपरीवाल्याला मी जाता जाता दटावलं, "चाक काढताना दिसलं होतं ना?"

"दिसलं की! वाटलं पंक्चर हाय. तुमी कुलपाचं इचारलं साहेब, चाकाचं कुठं इचारलं?"

जीपवाल्याने सगळ्या पावत्या भरल्या, वर दंडही भरला. संध्याकाळी त्याच जीपच्या पुढच्या सीटवर, पांढऱ्या कपड्यांत, जमादार आणि त्यांच्या पत्नी नागपूरच्या बससाठी वाशिमला निघाले. जीप स्टँडच्या फाटकापासून चांगली पन्नास पावलं लांब उभी होती. दसऱ्याच्या सकाळी अधीक्षकांनी पूजेतल्या एका जॅमरवरचं वाळलेलं कुंकू बघून भुवया उंचावल्या. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "साहेब, हा कालच प्रसाद खाऊन आलाय."

त्यानंतर उरलेल्या नोकरीत मी कोणाचाही जबाब संपवताना एक प्रश्न हमखास विचारला, "माझं काही विचारायचं राहिलं का?" कितीतरी गुन्हे त्या प्रश्नाने उघडले. पण त्या प्रकरणाने खरं शिकवलं ते वेगळंच.

जमादार नागपूरहून परत आले, तोवर मी दोन्ही झाकणं पुन्हा वेल्ड करून घेतली होती. जॅमर पूर्वीइतकाच जड झाला. स्टँडवर जायची वेळ झाली तशी ते सवयीने तो उचलायला वाकले. मी त्यांचा हात बाजूला केला आणि जॅमर उचलून स्वतः जीपमध्ये ठेवला. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, झाकण कापायची गरजच नव्हती.